प्रोसेस, प्रोसिजर आणि वर्क इन्स्ट्रक्शन यात नेमका फरक काय? ऑडिटमध्ये अडकलोय

वाळूज_क्यूए:
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघतो. ४० च्या आसपास माणसं, ११ सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ मशीन), टू-व्हीलरचे टर्निंगचे पार्ट करतो आम्ही. मागच्या आठवड्यात कस्टमरचं ऑडिट झालं. त्यांनी पहिलंच विचारलं, प्रॉडक्शनची प्रोसेस दाखवा. मी फाइल उघडून प्रोसिजर नंबर ७ पुढं केली. ते म्हणले ही प्रोसिजर झाली, प्रोसेस कुठंय? मग फ्लोचार्ट दाखवला. तर म्हणले हा पार्ट कसा बनतो त्याचा फ्लोचार्ट आहे, बरं राहू द्या, मशीनवरची वर्क इन्स्ट्रक्शन दाखवा. आता मशीनवर आमच्याकडं काय लावलेलं, तर तीच प्रोसिजर नंबर ७, चार पानं, इंग्रजीत, लॅमिनेशन करून. तिथंच एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमात बसत नाही असा शेरा) पडली.

एनसीचं एवढं नाही वाटलं जेवढं दुसऱ्या गोष्टीचं वाटलं. ऑडिटच्या १० दिवस आधी रात्रपाळीला एका नवीन पोरानं बोरिंगची इन्सर्ट (कापणारी धारेची टीप) बदलली, ऑफसेट (मशीनमध्ये टाकलेला साइज दुरुस्तीचा आकडा) होता तसाच ठेवून सायकल चालू केली आणि सकाळी बघतो तर ३८० नग बोअर (आतलं भोक) ओव्हरसाइज. सगळे स्क्रॅप. मालक त्या पोराला काही बोलले नाहीत हे चांगलं झालं, पण मी नंतर फाइल काढून वाचली तर "टूल बदलल्यावर पहिला नग तपासावा" हे त्याच चार पानांतल्या तिसऱ्या पानावर होतं. म्हणजे लिहिलेलं होतं, मशीनच्या शेजारीच टांगलेलं होतं, तरी झालं. तेव्हापासून हेच डोक्यात चालायलंय की आपण लिहितोय काय आणि कोणासाठी. कन्सल्टंटनी दिलेल्या २३ प्रोसिजर आहेत, त्यातली एकही मी स्वतः लिहिलेली नाही. जाणकारांनी जरा समजावून सांगा, पुस्तकातली व्याख्या नको, शॉपवरचं सांगा.

जालना_मिल:
भाऊ, मी जालन्यात सळईच्या रोलिंग मिलला आहे, १४ वर्षं झाली. माझ्या डोक्यात हे कसं बसलं ते सांगतो. आमच्याकडं बिलेट भट्टीत तापते, स्टँडमधनं निघत निघत बारीक होते, शेवटच्या स्टँडनंतर पाण्याच्या बॉक्समधनं जाते, तिथं वरचा थर एकदम थंड होऊन कडक होतो आन् आतला गाभा गरमच राहतो, मग कूलिंग बेडवर आतली उष्णता बाहेर येऊन तो कडक थर थोडा नरम पडतो. मग कटिंग, बंडल, टॅग, ट्रक. ही झाली प्रोसेस. ही तुम्ही कागदावर लिहा नाही तर नका लिहू, रोज तीन शिफ्ट चालतीच. आयएसओ (क्वालिटीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) नव्हतं तेव्हाही चालायची.

आता कोणती हीट (एका वेळी वितळवलेल्या पोलादाची बॅच) पास करायची, सँपल कोण काढणार, लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत बंडल कुठं थांबणार, टेस्ट फेल गेली तर परत सँपल किती घ्यायचे आन् सही कोणाची, हे ठरलेलं असतं ना, ती प्रोसिजर. ह्यात एक माणूस नसतो, मिलवाला, लॅबवाला, डिस्पॅचवाला असे तीन-चार जण असतात आन् कोणी कोणाला काय द्यायचं हे ठरलेलं असतं.

आन् लॅबमधला पोरगा सळईचा तुकडा घेतो, लांबी मोजतो, काट्यावर ठेवतो, मीटरला किती भरली ते काढतो, १२ एमएमची ०.८८८ किलो यायला पाहिजे, मग गेज लांबी म्हणून व्यासाच्या पाचपट अंतरावर खुणा करतो, मशीनला लावतो. हे त्याच्या एकट्याच्या हाताचं काम आहे. ते कसं करायचं हा जो कागद मशीनशेजारी आहे ती वर्क इन्स्ट्रक्शन. त्याच्यात डिस्पॅचवाल्याचं काही काम नाही.

लॅबवाली_नांदेड:
सोपं सूत्र आहे, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. प्रोसेस म्हणजे काय करायचं, प्रोसिजर म्हणजे कसं करायचं, वर्क इन्स्ट्रक्शन म्हणजे अजून बारीक कसं करायचं. तो पिरॅमिड असतो ना, वर मॅन्युअल, खाली प्रोसिजर, त्याखाली वर्क इन्स्ट्रक्शन, सगळ्यात खाली रेकॉर्ड. फार्मात मात्र गोंधळ होतो कारण तिथं सगळ्यालाच एसओपी (स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर) म्हणतात, हात धुवायची पण एसओपी आणि बॅच रिलीजची पण एसओपी.

जुना_ऑडिटर:
ताई, सूत्र अर्धं बरोबर आहे, पण त्याच सूत्रामुळं वाळूजच्या या दादांसारखी गडबड होते म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी २० वर्षांच्या वर ऑडिट केली, चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, पैठण, लातूर सगळीकडं फिरलो, आणि ९० टक्के ठिकाणी हाच घोळ बघितला की लोक प्रोसेसला मोठी प्रोसिजर समजतात. तुम्ही सांगितलेला पिरॅमिड नीट आठवा, त्यात प्रोसेस कुठल्या पायरीवर आहे? कुठल्याच नाही. कारण तो पिरॅमिड कागदांचा आहे आणि प्रोसेस हा कागद नाहीच. जालन्याच्या दादांनी एका वाक्यात सांगितलं ते, लिहा नाही तर नका लिहू, ती चालतेच.

आयएसओ ९०००:२०१५ मध्ये व्याख्या दिल्यात त्या माझ्या भाषेत सांगतो. एकमेकांशी जोडलेली कामं, ज्यात काहीतरी आत येतं, ते वापरून ठरवलेला रिझल्ट बाहेर पडतो, ती प्रोसेस. आणि एखादं काम किंवा एखादी प्रोसेस पार पाडायची ठरवलेली पद्धत म्हणजे प्रोसिजर. या दुसऱ्या व्याख्येखालीच टीप आहे की प्रोसिजर लिहिलेली असू शकते किंवा नसूही शकते. हे वाचून भले भले क्वालिटी हेड चकित होतात. वर्क इन्स्ट्रक्शनची वेगळी व्याख्या त्यात नाहीच. म्हणून ती ओळखायची कशी तर जालन्याच्या दादांनी सांगितली तशी, एक माणूस, एक जागा, एक काम.

हा घोळ आला कुठून तेही सांगतो, कारण मी तो होताना बघितलाय. आयएसओ ९००१, म्हणजे ज्यावर ऑडिट होतं ते स्टँडर्ड, पहिल्यांदा आलं १९८७ ला. १९९४ च्या आवृत्तीत २० कलमं होती आणि जवळजवळ प्रत्येक कलम म्हणायचं की लेखी प्रोसिजर ठेवा. म्हणून त्या काळात कपाटं भरली. मग २००० साली प्रोसेस अप्रोच आला आणि लेखी प्रोसिजरची सक्ती फक्त ६ ठिकाणी उरली: डॉक्युमेंट कंट्रोल, रेकॉर्ड कंट्रोल, इंटर्नल ऑडिट, नापास माल, करेक्टिव्ह ॲक्शन आणि प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन. २००८ मध्येही तेच. २०१५ ला तर तेही सहा गेले, मॅन्युअलची सक्ती पण गेली, आता शब्द आहे डॉक्युमेंटेड इन्फॉर्मेशन, आणि कलम ४.४ मध्ये म्हणलंय की गरज असेल तेवढी ठेवा. पण कपाटं तीच राहिली. खूप कंपन्यांनी जुन्या २० प्रोसिजरवर नुसतं "प्रोसेस" असं नाव चिकटवलं आणि पुढं गेले. तुमच्या २३ मधल्या बऱ्याच त्या काळातल्या असणार.

डाळमिल_लातूर:
मी कारखान्याचा माणूस नाही, लातूरला आमची डाळमिल आहे वडिलांपासून, पण हा विषय वाचून थांबलो. माझा एक विरोध आहे. तुरीला खरडा (सालीवर ओरखडे) दिल्यावर तेल लावायचं, पाणी मारायचं, रात्रभर मुरवायचं, उन्हात वाळवायचं, मग सालं काढून फोडायचं. यात पाणी किती मारायचं हे आमचा जुना मिस्त्री तूर मुठीत दाबून सांगतो. तूर गावरान आहे का, नवीन आहे का गोदामातली जुनी आहे, ऊन कसंय, यावर ते बदलतं. कमी पडलं तर साल सुटत नाही, जास्त झालं तर वाळायला दिवस लागतात आणि चुरी पडते. मोठ्या खरेदीदारानं आमच्याकडं वर्क इन्स्ट्रक्शन मागितली तेव्हा आम्ही एक आकडा लिहून दिला आणि खरं सांगतो, तो आकडा कोणी पाळत नाही, पाळला तर डाळ खराब होईल. मग हे लिहून काय फायदा? हातातलं कसब कागदावर येत नाही.

जुना_ऑडिटर:
मालक, तुमचं म्हणणं मी मनापासून मानतो, आणि आयएसओ पण मानतं. किती लिहायचं हे काम किती गुंतागुंतीचं आहे आणि माणूस किती तयार आहे यावर ठरतं. २० वर्षांच्या मिस्त्रीसाठी पानभर लिहायची गरज नाही. पण एक प्रश्न विचारतो, मिस्त्री गावी गेला की पाणी कोण मारतं?

डाळमिल_लातूर:
त्याचा पुतण्या. आणि हो, त्या आठवड्यात चुरी जास्त निघते, हे खरंय.

जुना_ऑडिटर:
मग तो कागद पुतण्यासाठी आहे, मिस्त्रीसाठी नाही. आणि त्यात एकच आकडा लिहिला हीच चूक झाली. मिस्त्रीला शेजारी बसवा, त्याला विचारा मुठीत काय जाणवतं, दाणा कसा लागला की थांबतोस, नवीन तुरीला काय करतोस, जुनीला काय, ऊन नसलं तर काय. त्याच्या तोंडून जसं येईल तसं लिहा. असं झालं तर असं, तसं झालं तर तसं. खोटा आकडा लिहिण्यापेक्षा "दाणा दाबल्यावर असा लागला पाहिजे" हे लाख पटीनं खरं आहे. जो कागद पाळला तर माल बिघडतो तो आजच फाडा, तो तिथं असणं धोक्याचं आहे, कारण एखाद्या दिवशी एखादा नवीन पोरगा प्रामाणिकपणे तो पाळेल.

वाळूज_क्यूए:
हे वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडं उलटं झालं, कागद बरोबर होता आणि कोणी वाचला नाही. सर, एक विनंती, माझ्या त्या ३८० नगांवर हे तिन्ही लावून दाखवाल का? नेमकं कुठं चुकलं, प्रोसेसमध्ये, प्रोसिजरमध्ये का वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये?

सीएनसी_सेटर_शेंद्रा:
सर सांगतीलच पण मधी मी बोलतो कारण हे माझं रोजचं काम आहे. मी सेटर (मशीनला टूल लावून साइज बसवणारा) आहे, आयटीआय करून १२ वर्षं झाली. त्या पोराची चूक काय झाली ते मला इथं बसून दिसायलंय. जुनी इन्सर्ट घासत जाते तसा बोअर लहान यायला लागतो, मग ऑपरेटर वेअर ऑफसेटमध्ये (टूल घासल्याच्या दुरुस्तीचा रकाना) एक्स, म्हणजे व्यासाचा आकडा, प्लस देत देत साइज ओढून आणतो. समजा असं करत ०.०८ प्लस झालेलं आहे. आता नवीन इन्सर्ट लावली, तिची धार पूर्ण आहे आणि ऑफसेटमध्ये ते ०.०८ तसंच पडून आहे. मग बोअर मोठाच येणार. आणि बोअर मोठा झाला की संपलं, मटेरिअल परत चिकटवता येत नाही.

म्हणून आमच्याकडं मशीनवर जो कागद आहे तो अर्ध्या पानाचा आहे, मराठीत आणि हिंदीत, आणि त्यात एवढंच लिहिलंय: बोरिंगची इन्सर्ट बदलली की आधी वेअर ऑफसेट झिरो करा. मग एक्समध्ये मायनस ०.१ टाका म्हणजे पहिला नग मुद्दाम लहान येईल. एक नग काढा, बोअर गेजनं मोजा, जेवढा लहान आहे तेवढं प्लस करा, तोच नग परत चालवा, परत मोजा. ओके आला तर इन्स्पेक्टरला बोलवा, तोपर्यंत सायकल बंद. बाहेरच्या व्यासाला हेच उलटं, तिथं प्लस टाकून नग मोठा ठेवायचा. बाजूला ऑफसेट पेजचा फोटो आहे आणि कुठल्या रकान्यात आकडा टाकायचा तिथं लाल गोल केलेला आहे.

"पहिला नग तपासावा" म्हणजे काय हो? तपासला आणि तो ओव्हरसाइजच निघाला तर तो एक नग तर गेलाच ना. आणि कशानं तपासायचा, कोणी तपासायचा, ओके नाही आला तर काय करायचं? ते वाक्य ऑफिसमधल्या माणसानं ऑफिसमधल्या माणसासाठी लिहिलेलं आहे.

जुना_ऑडिटर:
सेटरभाऊंनी माझं अर्धं काम केलं. इतकी चांगली वर्क इन्स्ट्रक्शन मी फार कमी ठिकाणी बघितली, नियमांच्या पुस्तकात हे शब्द नाहीत पण अर्थ तोच आहे. आयएटीएफ १६९४९ (गाड्यांचे पार्ट करणाऱ्यांचं क्वालिटी स्टँडर्ड) मध्ये कलम ८.५.१.२ वाचा, ऑपरेटरच्या सूचना त्याला समजतील अशा भाषेत पाहिजेत, वाचता येतील अशा पाहिजेत, कामाच्या जागेवर पाहिजेत आणि त्यात सुरक्षेचे नियम पण पाहिजेत असं त्यात आहे.

आता राहिलेलं. वाळूजचे दादा, तुमच्याकडं वर्क इन्स्ट्रक्शन नव्हतीच, प्रोसिजर टांगलेली होती. हा एक भाग झाला. दुसरा, प्रोसिजर. तुमच्या प्रोसिजरमध्ये सेटअप अप्रूव्हल (मशीन लावल्यावर पहिला नग पास करून घेणं) कधी घ्यायचं लिहिलंय? नवीन जॉब लागला, मटेरिअल बदललं, मशीन बदललं एवढंच असणार. इन्सर्ट बदलली तर तो सेटअप धरायचा का नाही, हे कोणी ठरवलंय? बोअरसारख्या जागी धरायचा असं ठरवा, आणि ठरवलं की कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी, कशानं तपासायचं तो तक्ता) पण घाला, पीएफएमईएत (कुठं काय चुकू शकतं त्याचा तक्ता) पण घाला, नाहीतर तीन कागद तीन गोष्टी सांगतील. हे सेटरचं एकट्याचं काम नाही, त्यात इन्स्पेक्टर आहे, सुपरवायझर आहे, म्हणून ते प्रोसिजरमध्ये.

तिसरा भाग तुम्ही कोणीच विचारला नाही, आणि खरी गोम तिथं आहे. रात्री इन्स्पेक्टर असतो का?

वाळूज_क्यूए:
नाही. रात्री इन्स्पेक्टर नसतो. ११ मशीनला दोन सेटर आणि ऑपरेटर असतात. सकाळी ७ ला मी येतो तेव्हा बिनचेक केलेले म्हणून ठेवलेले ट्रे बघतो.

जुना_ऑडिटर:
मग ही प्रोसेसची चूक आहे. जगातली सगळ्यात चांगली प्रोसिजर लिहा, इन्स्पेक्टरची सही घ्या म्हणा, इन्स्पेक्टरच नसेल तर ती सही सकाळी होणार आणि तोपर्यंत ३८० होणार. माणसं, गेज, वेळ, माहिती कोणाकडून कोणाकडं जाते, हे प्रोसेसच्या पातळीवर सुटतं. त्यासाठीच ते टर्टल डायग्राम काढायला लावतात: मध्ये प्रोसेस, मग आत काय येतं, बाहेर काय जातं, कशानं करतो, कोण करतो, कसं करतो, कशावर मोजतो. या "कसं करतो" च्या एका पायात तुमच्या सगळ्या प्रोसिजर आणि वर्क इन्स्ट्रक्शन मावतात. उरलेले पाय कागदानं भरत नाहीत. ऑडिटरनं तुम्हाला प्रोसेस दाखवा म्हणलं तेव्हा फाइल काढायची नव्हती, त्यांना मशीनपाशी न्यायचं होतं आणि सांगायचं होतं की माल इथून येतो, इथं जातो, आम्ही रिजेक्शन एवढं धरलंय आणि एवढं येतंय, याचा मालक अमुक आहे. प्रोसेसला मालक असतो आणि आकडा असतो.

लॅबवाली_नांदेड:
सर, माझं सूत्र मी मागं घेते. एक विचारू का, आमच्या लॅबमध्ये प्रत्येक टेस्टची पद्धत बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) स्टँडर्डमध्ये दिलेलीच आहे, तरी वेगळी वर्क इन्स्ट्रक्शन लिहायची का?

जुना_ऑडिटर:
स्टँडर्ड जसंच्या तसं कॉपी करू नका ताई, त्याचा नंबर आणि वर्ष द्या. तुमच्या मशीनचं जे खास आहे, कुठलं बटण, कुठली जिग, झिरो कसा करायचा, तेवढंच लिहा. स्टँडर्ड बदललं तर कॉपी केलेला कागद जुनाच राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

जालना_मिल:
एक ॲड करतो. आमच्याकडं आम्ही एक नियम केलाय, कागद लिहायच्या आधी विचारायचं की हा वाचणारा माणूस वाचताना कुठं उभा असणार. मशीनपाशी उभा असला, हाताला तेल लागलेलं असलं, तर अर्धं पान आन् फोटो. टेबलावर बसून दोन डिपार्टमेंटचं भांडण सोडवायला वाचणार असला तर दोन-तीन पानं चालतील. आन् मालक आन् मॅनेजर भिंतीपुढं उभं राहून बघणार असले तर एक चित्र पुरतं. ह्याच्यानं आमच्या निम्म्या फाइली गेल्या.

वाळूज_क्यूए:
तीन आठवड्यांनी परत आलो, काय काय झालं ते सांगतो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिला. २३ प्रोसिजरमधल्या ९ ठेवल्या. मालकांशी बसून एक मोठा कागद भिंतीवर लावला, ऑर्डर आल्यापासून डिस्पॅचपर्यंत, प्रत्येक टप्प्याला नाव लिहिलं आणि आकडा लिहिला. रात्रीच्या इन्स्पेक्टरचं मालकांनी लगेच हो म्हणलं नाही, खर्च आहे, पण दोन सेटरपैकी एकाला ट्रेनिंग देऊन रात्री फर्स्ट पीस अप्रूव्हलचा अधिकार दिला, आणि स्वतः लावलेलं टूल स्वतः पास करायचं नाही, दुसऱ्यानं करायचं, हे प्रोसिजरमध्ये घातलं. एक बोअर गेज रात्री कपाटात बंद असायचं हे तेव्हा कळलं, आता ते बाहेर असतं.

वर्क इन्स्ट्रक्शन सेटरभाऊंच्या पद्धतीनं केली. मी आधी लिहिली आणि त्याच पोराला, ज्याच्या हातून ते झालं त्याला, वाचायला दिली आणि म्हणलं आता कर. तो बीडकडचा आहे. त्यानं तिसऱ्या ओळीला थांबून विचारलं, "सर, मायनस टाकायचं म्हणजे असलेल्या आकड्यातनं कमी करायचं का नुसतं मायनस टाइप करायचं?" मला हे सुचलंच नसतं. त्या ओळीत आता लिहिलंय, "आधी झिरो केलेल्या रकान्यात -०.१ टाइप करा, स्क्रीनवर -०.१०० दिसलं पाहिजे." आणि तो म्हणला फोटो पण त्या स्क्रीनचाच लावा. लावला. मागच्या दोन आठवड्यांत रात्री सात वेळा बोरिंगची इन्सर्ट बदलली गेली, सातही वेळा पहिला नग लहान निघाला आणि दुरुस्त होऊन पास झाला.

बिहारची चार पोरं आहेत त्यांच्यासाठी हिंदी करायची राहिलीय. सेटरभाऊ, तुमच्याकडं हिंदीत "वेअर ऑफसेट" ला काय लिहिलंय?

सीएनसी_सेटर_शेंद्रा:
वेअर ऑफसेटच लिहिलंय, स्क्रीनवर जे दिसतं तेच लिहायचं, त्याचं भाषांतर करू नका. बाकी वाक्य हिंदीत ठेवा. आणि त्या बीडच्या भावाचं नाव खाली रिव्हिजनच्या रकान्यात टाका, बदल कोणी सुचवला म्हणून. आमच्याकडं तसं टाकतात.